निरोगी माणसाला गोळी देताना दुप्पट पुरावा मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या मंगळवारच्या आरोग्य पुरवणीत कॅन्सरला लांब ठेवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या पदार्थांवर लेख आला होता, हळद, लसूण, ग्रीन टी, गुळवेल वगैरे, आणि बरोबर त्याच्याच खाली हळदीच्या कॅप्सूलची पाव पान जाहिरात. वर लेख, खाली जाहिरात, मधे एक बारीक रेघ. आता ती रेघ कितीजणांना दिसली असेल देव जाणे, आमच्या हिला तर दिसलीच नाही, ती म्हणाली बघा पेपरातच आलंय. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, छापताना कापलंत तरी चालेल पण आकडे कापू नका.

मी ३४ वर्षं नवी पेठेत मेडिकल चालवलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी टेकडी बघतो. एवढ्या वर्षांत काउंटरवर एक गोष्ट शिकलो, जी गोळी स्वतःचे दोष स्वतः सांगते तिला लोक घाबरतात, आणि ज्या डबीवर "साइड इफेक्ट नाहीत" असं छापलंय ती डोळे मिटून घेतात. हे वाक्य मला दुकानात नाही सुचलं, ते दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या बाकावर बसून सुचलं, ती गोष्ट आधी सांगतो.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे धाकट्या बहिणी कायम धास्तावलेल्या. त्यातल्या एकीची, म्हणजे माझ्या मेव्हणीची, गाठ तपासली तर कॅन्सर नव्हता पण पेशी थोड्या वेड्यावाकड्या निघाल्या, डॉक्टर म्हणाले हा कॅन्सर नाही पण पुढे होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, तर टॅमॉक्सिफेन कमी डोसमध्ये ३ वर्षं घ्या, ५ मिलिग्रॅम. मेव्हणीने स्ट्रिप घरी आणली, आतला कागद भिंगाने वाचला, त्यात लिहिलं होतं गर्भाशयाचा कॅन्सर होऊ शकतो, रक्ताची गुठळी होऊ शकते. झालं. स्ट्रिप परत माझ्याकडे. म्हणाली भावोजी, कॅन्सर होऊ नये म्हणून कॅन्सर करणारी गोळी खायची का. प्रश्न अगदी बिनतोड वाटला तिला. मग तिने एका प्रदर्शनातून हळदीच्या काळीमिरी घातलेल्या कॅप्सूल आणल्या, सोबत गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ आणि लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा. मला सांगितलं नाही, कारण मी बोललो असतो. तीन महिन्यांनी डोळे पिवळे. आठ दिवस ॲडमिट, लिव्हरचे आकडे बघून माझीच पाचावर धारण बसली. सगळं बंद केल्यावर दीड महिन्यात लिव्हर मार्गावर आलं, आता ठणठणीत आहे. तिन्हीतल्या कशाने झालं ते डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही, आणि ज्याच्याकडून डब्या घेतल्या तो फोनवर म्हणाला ताई तुमची प्रकृती पित्ताची असणार.

आता त्या टॅमॉक्सिफेनबद्दल, कारण कॅन्सर रोखायला औषध असतं हेच मुळात लोकांना माहीत नाही. टॅमॉक्सिफेन १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये संततिनियमनाची गोळी म्हणून बनली आणि त्या कामात साफ नापास झाली, पुढे ब्रेस्ट कॅन्सरच्या उपचारात पास झाली. उपचार घेणाऱ्या बायकांच्या दुसऱ्या स्तनात कॅन्सर कमी होतोय असं दिसल्यावर कोणीतरी विचार केला की मग ज्यांना झालेलाच नाही पण धोका जास्त आहे त्यांना देऊन बघू. १९९२ पासून अमेरिका-कॅनडात १३,३८८ बायकांवर हे करून पाहिलं, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आत औषध नसलेली. १९९८ मध्ये निकाल आला. बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत १७५ जणींना पसरणारा ब्रेस्ट कॅन्सर झाला, टॅमॉक्सिफेनवाल्यांत ८९. जवळजवळ निम्मा. पण त्याच कागदावर पुढची ओळही होती, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर १५ विरुद्ध ३६, फुफ्फुसात गुठळी जाऊन बसली अशा ६ विरुद्ध १८, आणि हा त्रास मुख्यतः पन्नाशी ओलांडलेल्यांना. नंतर इटलीतल्या डॉक्टरांनी ५०० बायकांवर चौथा हिस्सा डोस, म्हणजे २० ऐवजी ५ मिलिग्रॅम, देऊन पाहिला, त्यांना सगळ्यांना मेव्हणीसारख्या वेड्यावाकड्या पेशी किंवा अगदी सुरुवातीचा, पसरलेला नसलेला प्रकार होता. बिनऔषधाच्या गोळीवाल्यांत २८ जणींना पुन्हा काही निघालं, या गटात १४. त्रास फारच कमी. मेव्हणीच्या डॉक्टरांनी हीच ५ मिलिग्रॅमची गोळी दिली होती, आणि तिने ज्या कागदावरून घाबरून ती सोडली तो मोठ्या डोसचा कागद होता. हे मी तिला तेव्हा समजावून सांगायला हवं होतं, मी फक्त "घे गं, काही होत नाही" म्हणालो, केमिस्टने म्हणायचं सगळ्यात वाईट वाक्य.

मला संपादकांना जे सांगायचंय ते इथे आहे. आजारी माणूस औषध घेतो तेव्हा त्याचा हिशेब सोपा असतो, आजार समोर उभा आहे, थोडा त्रास झाला तरी सोसतो. पण कॅन्सर होऊ नये म्हणून औषध घेणारा माणूस आज धडधाकट असतो. शंभरातल्या बहुतेकांना तो कॅन्सर गोळी न घेताही झाला नसता. म्हणजे गोळीचा त्रास झाला तर तो फुकटचा त्रास. म्हणून अशा गोळीला, कॅप्सूलला, काढ्याला, पावडरला, उपचाराच्या औषधापेक्षा जास्त पुरावा लागतो. आपल्याकडे उलटं चालतं, उपचाराच्या औषधाला कागदपत्रं मागतो आणि "प्रतिबंधक" लिहिलं की काहीच विचारत नाही, होऊन होऊन काय होणार, फायदा नाही झाला तर तोटाही नाही, असं.

तोटा होतो. आणि हे मी दुसऱ्यांना शहाणपणा शिकवायला म्हणत नाही, यात माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल दुकानातून शेंगदाण्यासारख्या जायच्या. बीटा कॅरोटिन, व्हिटॅमिन ई, सेलेनियम. आमच्या शेजारी एका ऑफिसातले हेडक्लार्क यायचे, दिवसाला दीड पाकीट सिगारेट, मी त्यांना स्वतःहून सांगितलं साहेब सिगारेट सुटत नाही ना मग निदान ही तरी घ्या, फुफ्फुसाला कवच आहे. गाजर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं अनेक पाहण्यांत दिसलं होतं, तेव्हा गाजरातलं द्रव्य, म्हणजे हे बीटा कॅरोटिन, काढून कॅप्सूलमध्ये भरलं की काम झालं असं सगळेच समजत होते, मी एकटा नाही. पण फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ते तपासून झालं होतं, आणि १९९४ मध्ये कळलं की बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. जास्त! लोकांना खरं वाटेना. मग अमेरिकेत १८,३१४ जणांवर, सिगारेटवाले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले, असाच प्रयोग चालू होता, तो १९९६ च्या जानेवारीत २१ महिने आधीच थांबवावा लागला कारण तिथे कॅन्सर २८ टक्के जास्त आणि मृत्यू १७ टक्के जास्त निघाले. मी ती कॅप्सूल त्यानंतरही चार-पाच वर्षं विकत होतो. कंपनीचा माणूस येऊन स्कीम सांगायचा, दहावर दोन फ्री, फिनलंडचं कोण सांगणार. हेडक्लार्क साहेब पुढे हार्टने गेले, कॅन्सरने नाही, हे मुद्दाम लिहितोय नाहीतर वाटेल मी गोष्ट रंगवतोय. पण आजही कोणी "व्हिटॅमिनच तर आहे" म्हणालं की मला त्यांची ती पिवळट बोटं आठवतात. व्हिटॅमिन ई चं तर पुढे आणखी एक झालं, ३५ हजारांवर पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सर होऊ नये म्हणून ई आणि सेलेनियम देऊन पाहिलं, २०११ मध्ये हिशेब लागला, नुसतं ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के वाढला होता.

ॲस्पिरिनचंही असंच दुधारी आहे. हे मुळात झाडाच्या सालीवरून सुचलेलं औषध, विलो नावाच्या झाडाची साल, तेव्हा नैसर्गिकवाल्यांनी त्याला आपलं म्हणायला हरकत नाही, पण ते म्हणत नाहीत कारण ते १ रुपयाला मिळतं. काही घराण्यांत एक जनुकीय दोष असतो, लिंच सिंड्रोम म्हणतात, त्यात आतड्याचा कॅन्सर लहान वयात आणि पिढ्यानपिढ्या येतो. अशा ८६१ लोकांना रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा बिनऔषधाची गोळी सरासरी दोन-अडीच वर्षं दिली. १० वर्षांनी बघितलं तर ॲस्पिरिनवाल्यांत ९ टक्क्यांना आतड्याचा कॅन्सर, दुसऱ्यांत १३ टक्क्यांना. आहे की नाही चांगलं. आता हेच ऐकून सत्तरीचे आजोबा रोज ॲस्पिरिन घ्यायला लागले तर? तेही करून झालंय. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ म्हाताऱ्या पण धडधाकट लोकांना रोज १०० मिलिग्रॅम दिली, २०१८ मध्ये निकाल, रक्तस्राव वाढला आणि कॅन्सरने गेलेले ॲस्पिरिनवाल्यांत ३.१ टक्के, दुसऱ्यांत २.३. एकच औषध, एका घराण्याला कवच आणि दुसऱ्याच्या आजोबांना धोका. माझ्या टेकडीच्या ग्रुपवर निम्मे लोक फक्त पहिली बातमी फॉरवर्ड करतात. (ज्यांना हार्टसाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिलीय त्यांनी हे वाचून बंद करू नये, तो हिशेब वेगळा आहे, कृपा करून.)

आता हळद. हळदीवर काही बोललं की लोक अंगावर येतात, जणू मी अंबाबाईविरुद्ध बोललो. आमच्या घरी सांगलीहून दरवर्षी हळद येते, भाऊ पाठवतो, तिचा वास डबा उघडल्यावर माजघरापर्यंत जातो, फोडणीत मी ती कधीच कमी पडू देणार नाही. आणि अभिमानही आहे, १९९५ मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट देऊन टाकलं होतं, ते आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी संशोधन परिषदेने, लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ते लढणारे डॉ. माशेलकर म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, आधीचे डायरेक्टर. पण जखमेवर हळद चालते म्हणून कॅन्सरवर चालते असं होत नाही ना. हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन, ते साधारण ३ टक्के. ते काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं की पेशी मरतात, हे खरं आहे. पण बशीला लिव्हर नसतं. माणसाने पोटात घेतलं की आतडं आणि लिव्हर मिळून त्याचा पार चुराडा करतात, दिवसाला ८ ग्रॅम करक्युमिन खाऊनही रक्तात अगदी नखभर सापडतं. मग कंपन्यांनी काय केलं, काळीमिरीचा अर्क घातला, म्हणजे शरीर ते लवकर फेकून देणार नाही. झालं काय, जे लिव्हर आधी ते बाहेर टाकत होतं तेच आता त्याच्या तावडीत सापडलं. इटलीने अशा सप्लिमेंटमुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस २०१९ मध्ये नोंदवल्या, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये, त्यात काही काळीमिरीवाल्या होत्या. सगळ्यांना होत नाही, काहींच्या जनुकांतच तशी ठेवण असते. वरणातल्या हळदीने कोणाचं लिव्हर गेलं असं मी ऐकलेलं नाही. चिमूट आणि कॅप्सूल यातला हाच फरक तुमच्या लेखात नव्हता.

गुळवेलीबद्दल मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये ६ पेशंट छापले होते, कोविडच्या काळात काढा पिऊन कावीळ झालेले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती दुसरीच असेल वगैरे. असेल. पण मग माझ्या मेव्हणीला तरी तो काढेवाला कुठली वेल देत होता हे कोण तपासणार होतं? लक्ष्मणफळाचं वेगळंच, त्याला व्हॉट्सअॅपवर किमोच्या हजारपट ताकदवान म्हणतात, आणि वेस्ट इंडीजमध्ये ग्वाडेलूप नावाचं बेट आहे तिथे ही फळं आणि पानांचा चहा भरपूर घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा आजार जास्त दिसला, तो नेहमीच्या औषधालाही नीट दाद देईना. १९९९ पासून हे छापून आलेलं आहे. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी ज्यूसवाले बसतात, गव्हांकुर, दुधी, कारलं, आवळा, तिथे आता लक्ष्मणफळाची पानं पण मिळतात, जुडी करून, कोथिंबिरीसारखी.

झाडात औषध नसतं असं कोण म्हणतंय. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी सदाफुली असते ना, तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन निघतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरचं पक्कं औषध, मी स्वतः थंडीच्या बॉक्समधून आणून दिलेलं आहे. आपल्या सह्याद्रीत नरक्या म्हणून झाड आहे, त्यात कॅम्प्टोथेसिन सापडतं, त्याच्यापासून पुढे किमोची औषधं बनतात, आणि त्यासाठी त्याची इतकी चोरटी तोड झाली की झाड शोधावं लागतं. पण व्हिन्क्रिस्टिनचा एका वेळचा डोस मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम, तेवढ्यातही हातापायाला मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतं, आणि ते फक्त शिरेतूनच द्यायचं असतं. टेकडीवर एक काका रोज सकाळी सदाफुलीची पाच पानं चावतात, शुगरसाठी आणि "कॅन्सरपण होत नाही". मी त्यांना म्हटलं काका, तुम्ही किमो घेताय, आजार नसताना. हसले.

गेल्या काही काळातल्या दोन बातम्या आठवा. २०२४ च्या नोव्हेंबरात नवज्योतसिंग सिद्धूंनी सांगितलं की त्यांच्या पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुलिंब, लिंबूपाणी, ॲपल सायडर व्हिनेगर आणि उपासाने ४० दिवसांत गेला. पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, किमो झाली होती, ते मथळ्यात कुठे नव्हतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना सह्या करून पत्रक काढावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. ते पत्रक किती पेपरांनी किती मोठं छापलं ते तुम्हीच बघा. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत "१०० रुपयांत कॅन्सर रोखणारी गोळी", तीही टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांची, रेझवेराट्रॉल आणि तांबं. द्राक्षाच्या सालीतला पदार्थ. कॅन्सरच्या मेलेल्या पेशींचे तुकडे पुन्हा कॅन्सर पसरवतात आणि ही गोळी ते तुकडे नष्ट करते, अशी कल्पना आहे, चांगली कल्पना आहे, पण रोखण्याचं काम तेव्हा उंदरांवर झालं होतं, माणसांत रोखते का ते बघायला आणखी ५ वर्षं लागतील असं त्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. पुतण्या सांगत होता, त्या आठवड्यात रोज दहा-बारा लोक १०० ची नोट घेऊन दुकानात. एकाला सांगितलं अजून आली नाही, तर म्हणे मग तांब्याच्या भांड्यात मनुका भिजवून चालेल का.

व्हिनेगरवरून एक सांगतो, हे मला फार आवडतं. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरने कॅन्सरचे मृत्यू खरोखर रोखले गेलेत, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. पण प्यायचं नव्हतं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावायचं, बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो, दहावी झालेल्या बाईला चार आठवडे ट्रेनिंग दिलं की ती बघू शकते, म्हणजे उपचार वेळीच होतात. टाटाच्या डॉक्टरांनी दीड लाख बायकांवर हे केलं, २०१३ मध्ये सांगितलं की त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सिद्धूंच्या व्हिनेगरपेक्षा हे व्हिनेगर पुरवणीत यायला काय हरकत होती?

आणि जे औषध खरंच धडधाकट माणसाला देण्यासारखं आहे, भरपूर पुरावा असलेलं, ते आपल्या हडपसरला बनतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्ही लस (एचपीव्ही म्हणजे तो कॅन्सर करणारा विषाणू), सीरमची सर्वाव्हॅक, २०२२ मध्ये मंजूर झालेली. लसच ती, पण कॅन्सर होऊ नये म्हणून निरोगी पोरीला दिलेलं औषधच की. आणि यातला सगळ्यात मोठा शोध पुण्या-बार्शीच्या पोरींमुळे लागला हे पुण्यात कोणाला माहीत नाही. २००९ मध्ये देशात काही ठिकाणी, त्यात पुणे आणि बार्शी, मुलींना २ डोस पुरतात की ३ लागतात याचा अभ्यास सुरू झाला. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने एचपीव्हीचे सगळे अभ्यास थांबवले, वेगळ्याच एका प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून, ज्यांचा लसीशी संबंध निघाला नाही. तेव्हा सुमारे ५ हजार मुलींचा एकच डोस झाला होता, बाकीचे राहून गेले. संशोधकांनी त्या मुलींना सोडलं नाही, १० वर्षं मागोवा ठेवला, आणि दिसलं की एका डोसनेही त्या विषाणूपासून ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळतंय, तीन डोसवाल्यांच्या तोडीस तोड. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं त्यामागे या पोरी आहेत. आता त्या तिशीकडे आल्या असतील, एखादी पीएमपीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसली असेल. यावर तुम्ही पुरवणीचं पहिलं पान केलं असतंत तर मी पत्राऐवजी पेढे पाठवले असते. माझ्या नातीला दिली, ११ वर्षांची आहे, तिच्या आईच्या भिशीतल्या चौघींनी विचारलं "साइड इफेक्ट?" विचारलं ते बरंच केलं, हात दुखतो एक-दोन दिवस, क्वचित चक्कर येते म्हणून १५ मिनिटं बसवून ठेवतात. त्याच चौघी ग्रीन टी च्या अर्काच्या गोळ्या घेतात, त्याचा मात्र एकीनेही प्रश्न विचारलेला नाही, आणि लिव्हरला तोही जास्त झाला तर झेपत नाही.

कावीळ ब ची लसही तसंच, तैवानने १९८४ मध्ये बाळांना द्यायला सुरुवात केली आणि मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर २४ तासांत देतात, फुकट.

नैसर्गिकचं म्हणाल तर सुपारी नैसर्गिकच आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या यादीत घातली, आणि आपल्या मंगल कार्यालयांत जेवण झाल्यावर अजून ताटलीत सुगंधी सुपारी फिरते, लहान पोरं मूठ भरून घेतात. माझी आई मिश्री लावायची, चुलीवर तंबाखू भाजल्याचा तो वास अजून नाकात आहे, दात घट्ट होतात म्हणायची. तिच्या गालात पांढरा चट्टा आला तेव्हा मी डी. फार्मसी शिकत होतो आणि तिला ब कॉम्प्लेक्स आणून दिलं. मिश्री सोडवली नाही. चट्टा सुदैवाने तसाच राहिला. खवट शेंगदाणे पण नैसर्गिकच, त्यावरच्या हिरवट बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं, लिव्हरच्या कॅन्सरचं कारण. चीनमध्ये चिदोंग म्हणून भाग आहे तिथे बुरशीचा मका खाऊन लिव्हरचा कॅन्सर प्रचंड, तिथे हिरव्या पानातल्या रंगापासून बनवलेली क्लोरोफिलीनची गोळी १८० लोकांना देऊन पाहिली, लघवीतल्या विषाच्या खुणा निम्म्याहून कमी झाल्या. छान. पण तिथल्या पुढच्या पिढ्यांत लिव्हरचा कॅन्सर खूप खाली आला तो मुख्यतः लोक मका सोडून तांदूळ खायला लागले म्हणून. तर दाण्याचं कूट करताना काळे-हिरवे दाणे निवडून टाका, कडू लागला तर थुंका. याला पैसे पडत नाहीत म्हणून याची जाहिरात येत नाही.

जाहिरातीवरून आठवलं. १९५४ चा कायदा आहे, औषधे आणि जादूटोणा उपाय, आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्यातल्या यादीत कॅन्सर आहे आणि कायद्यात नुसतं बरा करतो म्हणणंच नाही, "होऊ देत नाही" अशी जाहिरात करणंही बंद आहे. दुकानात आम्हाला हा कायदा इन्स्पेक्टर पाठ करून घ्यायचे. तुमच्या पाव पानावर लिहिलं होतं "कॅन्सरच्या पेशींना वाढू देत नाही". जाहिरात विभागाला हा कायदा वाचायला द्या. आणि लेखाचं म्हणाल तर ज्यांनी लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही, पण पुढच्या वेळी एवढं विचारून घ्या, हे बशीत झालं, उंदरात झालं की माणसात, माणसात तर कितीजणांत आणि कोणत्या माणसांत, आणि त्रास किती जणांना झाला. मेव्हणीच्या स्ट्रिपमधल्या कागदावर हे सगळं होतं. तुमच्या लेखात एकही नव्हतं.

मेव्हणीने गेल्या दिवाळीनंतर ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केलीय, लिव्हर नीट झाल्यावर, तिच्या डॉक्टरांना पुन्हा विचारून. दर सहा महिन्यांनी तपासायला जाते. गोळीचा कागद आता तिने देवघराच्या खणात ठेवलाय, माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेला. तुमचा तो मंगळवारचा अंक मी ठेवलाय, जाहिरातीखाली पेनाने रेघ मारून, तुमच्या ऑफिसला आणून द्यायचा असेल तर सांगा, सकाळी अकरानंतर मी मोकळाच असतो.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट,
नवी पेठ, पुणे